पदक गळ्यात, मत कुणाच्या हातात?

जुलै २०११ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एकीकडे दिलीप वेंगसरकर: ११६ कसोटी सामने, १७ शतके, लॉर्ड्सवर ओळीने तीन दौऱ्यांत तीन शतके, शिवाय असोसिएशनच्या उपाध्यक्षपदाचा अनुभव. दुसरीकडे लातूरजवळच्या बाभळगावचे विलासराव देशमुख, दोनदा मुख्यमंत्री आणि त्या वेळी केंद्रात मंत्री. निवडून आले विलासराव. त्याआधी दहा वर्षे, २००१ मध्ये, याच खुर्चीसाठी अजित वाडेकर उभे होते. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्या घरी हरवणारा हा कर्णधार शरद पवारांपुढे हरला.

लातूरकरांनी २०११ साली गुलाल उधळला असेल, त्यात वावगे काही नाही. पण लातूर-नांदेडच्या तालमीत घाम गाळणाऱ्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने उद्या ‘खेळणे संपल्यावर मला संघटना चालवायची आहे’ असे ठरवले, तर हा निकाल आधी नीट समजून घ्यायला हवा. खेळाडू मोठा असूनही का हरतो? राजकारणी जिंकतात म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर मतदारयादीत आहे.

मतदार कोण असतो?

मुंबई क्रिकेट असोसिएशनची मते तेव्हा मैदानांवरचे क्लब, कार्यालयांचे संघ आणि शाळा-कॉलेजे यांच्याकडे होती. वेंगसरकरांची फलंदाजी पाहायला वानखेडेवर येणाऱ्या प्रेक्षकाला मत नव्हते, त्यांच्याबरोबर खेळलेल्यांनाही केवळ खेळाडू म्हणून मत नव्हते. ज्याने वर्षानुवर्षे क्लबांशी संबंध ठेवले, ज्याच्याकडे क्लबांची कामे करून देण्याची ताकद होती, त्याचे पारडे जड होणारच.

सगळ्याच खेळांत रचना साधारण अशीच असते. गावात क्लब, मंडळ किंवा तालीम. त्यांची मिळून जिल्हा संघटना. जिल्हा संघटनांची राज्य संघटना. राज्य संघटनांचा राष्ट्रीय महासंघ आणि महासंघांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. प्रत्येक पायरीवर मत देतो तो खालच्या पायरीचा प्रतिनिधी. लातूर जिल्हा संघटनेचा प्रतिनिधी राज्याची कार्यकारिणी निवडतो, राज्याचा प्रतिनिधी दिल्लीची. प्रत्यक्ष खेळणाऱ्याचे मत या साखळीत कुठेच येत नाही.

याचा झटका किती मोठा असतो ते २०२२ मध्ये फुटबॉलमध्ये दिसले. न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या मसुद्यात राज्य संघटनांच्या बरोबरीने ३६ नामवंत खेळाडूंना मताधिकार देण्याची कल्पना होती. फिफाला ती मान्य नव्हती. ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन भारतीय महासंघाला निलंबित केले, प्रशासक हटले, खेळाडूंची ती मते यादीतून गेली आणि निलंबनही उठले. मग २ सप्टेंबरला मतदान झाले. भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया विरुद्ध माजी गोलरक्षक आणि भाजपचे नेते कल्याण चौबे. निकाल ३३ विरुद्ध १. दोघेही खेळाडूच होते, पण मते राज्य संघटनांची होती आणि ती एकगठ्ठा पडली.

कुस्तीत डिसेंबर २०२३ मध्ये असेच झाले. राष्ट्रकुल सुवर्णपदकविजेत्या अनिता शेओरान अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. प्रत्येक राज्य संघटनेला दोन मते. संजय सिंह यांना ४० मते मिळाली, अनितांना ७. त्याच दिवशी साक्षी मलिकने कुस्ती सोडत असल्याचे जाहीर केले.

वस्तादाच्या वाटेने

लातूरची खरी परंपरा कुस्तीची, म्हणून पहिली वाट तिथूनच पाहू. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्या वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतले. कुस्ती थांबल्यावर ते पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत बसले आणि २०११ मध्ये जाईपर्यंत पोरे घडवत राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले काका पवार लातूरजवळच्या साई गावचे. ग्रीको-रोमन प्रकारातले आंतरराष्ट्रीय मल्ल, १९९८ चे अर्जुन पुरस्कारविजेते. त्यांनी कात्रजला आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल उभे केले. जागतिक स्पर्धेत कांस्य आणि राष्ट्रकुलमध्ये सुवर्ण मिळवणारा बीडचा राहुल आवारे आधी बिराजदारमामांचा आणि त्यांच्यानंतर काकांचा पठ्ठा. २०२० च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके आमनेसामने आले, तेव्हा दोघेही याच संकुलातले होते.

आता इथे संघटक कुठे आला? तालीम चालवणे हीच संघटनेची पहिली शाळा असते. शंभर पोरांच्या खुराकाचा हिशेब, गादी फाटली की नवी आणायला देणगीदार शोधणे, दुखापत झालेल्याला दवाखान्यात नेणे, आईबापाला समजावणे, स्पर्धेला कोण जाणार आणि कोण नाही हे तोंडावर सांगणे. मैदानातल्या खेळाडूला फक्त स्वतःचा सराव सांभाळायचा असतो. वस्तादाला इतरांचे सगळे सांभाळावे लागते. त्यातून तालुक्या-तालुक्यातले वस्ताद, पंच, यात्रा समित्या, सरपंच यांच्याशी नाती जुळतात. ही नाती म्हणजेच पुढे मते.

ही वाट किती काटेरी आहे हेही कुस्तीतच पाहायला मिळते. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळांनी १९५३ मध्ये स्थापन केली. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू झाला. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली आणि नवी कार्यकारिणी निवडली गेली. अध्यक्ष झाले वर्ध्याचे तेव्हाचे खासदार रामदास तडस, जे स्वतः विदर्भ केसरी राहिलेले मल्ल. पदाधिकाऱ्यांच्या फळीत काका पवार होते. म्हणजे पहिल्या रांगेत खेळाडू आले. पण जुन्या परिषदेने हार मानली नाही, वाद न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यात दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे.

प्रेक्षकाला दोन गदा दिसतात. मल्लाला त्याहून मोठी अडचण दिसते, ती कागदाची.

एका प्रमाणपत्राची किंमत

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. दोन्हीसाठी प्रमाणपत्र लागते, आणि आरक्षणाचे प्रमाणपत्र विभागाच्या क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. नांदेडच्या मुलाचा प्रस्ताव लातूरच्या विभागीय कार्यालयात जातो. तिथे पहिला प्रश्न असतो: स्पर्धा कोणत्या संघटनेने घेतली आणि त्या संघटनेला मान्यता कुणाची? जिल्हा संघटनेला राज्य संघटनेची मान्यता हवी, राज्य संघटनेला राष्ट्रीय महासंघाची. ही साखळी कुठे तुटली असेल तर पोलीस भरतीच्या मैदानावर सगळ्यांच्या पुढे पळालेल्या पोराचेही प्रमाणपत्र अडकते.

म्हणून एखाद्या खेळात दोन संघटना झाल्या की भांडण पदाधिकाऱ्यांचे असते, भुर्दंड खेळाडूला. चांगला संघटक कोण, याची पहिली कसोटी हीच: त्याच्या सहीचे प्रमाणपत्र पाच वर्षांनी कुठल्याही टेबलावर टिकते का?

संघटक दिवसभर करतो काय?

टीव्हीवर संघटक फक्त पदक गळ्यात घालताना दिसतो. खरे काम पाहायचे तर जिल्हा निवड चाचणीच्या सकाळी जावे. कुस्तीची चाचणी धरू.

सात वाजता वजन सुरू होते. टेबलावर आधार कार्डे, जन्मदाखले आणि वैद्यकीय दाखल्यांचा गठ्ठा. कुमार गटात वय लपवण्याचे प्रकार सगळ्याच खेळांत आहेत, म्हणून दाखल्याची तारीख आणि शाळेच्या नोंदीची तारीख जुळवून पाहावी लागते. एक मुलगा ६१ किलोच्या गटात आला आहे आणि काटा पाव किलो जास्त दाखवतो. त्याचा वस्ताद ओळखीचा, गावचा सरपंच बाहेर उभा. ‘जाऊ द्या की, पाव किलोच तर आहे.’ इथे नियम एकच: वजनात सवलत द्यायची असेल तर ती आधीच्या परिपत्रकात लिहिलेली हवी आणि सगळ्यांना सारखी हवी. लिहिलेली नसेल तर त्या पोराने काटा बंद व्हायच्या आत घाम काढून यावे, नाहीतर घरी जावे. सरपंचाला नाही म्हणण्याचे काम संघटकाचे.

मग भाग्यपत्रिका निघते. दोन तगडे मल्ल पहिल्याच फेरीत भिडले तर आरडाओरडा ठरलेला, म्हणून चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढतात. कुस्तीला पंच नेमताना मल्लाच्या तालमीचा पंच त्याच्या कुस्तीला येणार नाही हे पाहावे लागते. संध्याकाळी निकालाच्या कागदावर पंचांच्या सह्या घेऊन तो राज्य संघटनेकडे पाठवायचा, मुलांच्या प्रवासाची सोय करायची, सोबत जाणारा व्यवस्थापक ठरवायचा, मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक आहे ना हे पाहायचे.

हे झाले दिसणारे काम. न दिसणारे काम कपाटात असते. जिल्हा संघटना बहुतेक ठिकाणी संस्था नोंदणी कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोन्हींखाली नोंदवलेली असते. दर वर्षी लेखापरीक्षण, वार्षिक सर्वसाधारण सभा, सभेची नोटीस, गणपूर्ती, इतिवृत्त. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. हा अर्ज राहून गेला तर दफ्तरी जुनीच कार्यकारिणी राहते. पुढे कधी वाद झाला की विरोधकाचा वकील नेमका तोच कागद काढतो. राष्ट्रकुलचे पदक मिळवलेल्या माणसाला हे रटाळ वाटते, आणि म्हणून तो ते दुसऱ्या कुणावर सोडतो. कागद ज्याच्या हाती, संघटना त्याच्या हाती.

सरकारी दार

दुसरी वाट शासनातून जाते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली सारिका काळे हे तिचे उदाहरण. भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. या वाटेवर निवडणूक नाही. शालेय स्पर्धा तालुक्यापासून जिल्हा, विभाग आणि राज्यापर्यंत नेण्याचे काम क्रीडा व युवक सेवा संचालनालयाचे अधिकारी करतात. तालुका क्रीडा संकुलाची किल्ली, व्यायामशाळांच्या अनुदानाचे प्रस्ताव, शाळांच्या प्रवेशिका, सगळे त्यांच्या टेबलावरून जाते.

या दाराचे बळ म्हणजे पगार आणि अधिकार. मर्यादा अशी की अधिकाऱ्याची बदली होते, धोरण वरून येते, आणि शासकीय सेवकाला संघटनेत निवडणुकीचे पद घ्यायचे तर आधी खात्याची परवानगी लागते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातल्या कॉलेजांतले क्रीडा संचालक हा याच वाटेचा आणखी एक फाटा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि विद्यापीठाचा संघ त्यांच्या हातून घडतो. मराठवाड्यातल्या कित्येक खेळाडूंना पहिला ट्रॅकसूट इथेच मिळतो.

खेळाडूंच्या मतावर उभे असलेले दार

तिसरी वाट नवी आहे आणि नांदेडशी तिचा थेट संबंध आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा तिरंगा सुमित अंतिल आणि नांदेडची गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव यांच्या हाती होता. भाग्यश्री एफ-३४ गटातली खेळाडू, हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेतली रौप्यविजेती, टोकियोत सातवी आणि पॅरिसमध्ये पाचवी. ती ज्या समितीच्या वतीने गेली होती, त्या भारतीय पॅरालिम्पिक समितीच्या अध्यक्षपदी तेव्हा देवेंद्र झाझरिया होते: भालाफेकीत अथेन्स २००४ आणि रिओ २०१६ ची सुवर्णपदके, टोकियोत रौप्य. मार्च २०२४ मध्ये ते बिनविरोध निवडून आले. त्यांच्याआधी अध्यक्ष होत्या रिओच्या रौप्यविजेत्या दीपा मलिक. लागोपाठ दोन अध्यक्ष खेळाडू असलेल्या या संघटनेने पॅरिसहून २९ पदके आणली. ही पदके अध्यक्षांमुळेच आली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, त्यामागे शासनाचा पैसा आणि प्रशिक्षकांची मेहनत आहे. पण व्हीलचेअरला रॅम्प लागतो आणि खेळाडूच्या गटाचे वर्गीकरण चुकले तर कारकीर्द संपते, हे अध्यक्षाला कुणी समजावून सांगावे लागत नाही, हा फायदा लहान नाही.

जगात ही वाट सर्वांत लांब गेली ती झिंबाब्वेच्या कर्स्टी कॉव्हेंट्रीची. जलतरणात सात ऑलिंपिक पदके. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर ती निवडून आली. या आयोगाचे मतदान ऑलिंपिक ग्राममध्ये होते आणि मतदार असतात स्वतः खेळाडू. आयोगातून ती समितीची सदस्य झाली, पुढे आयोगाची अध्यक्ष, मायदेशी क्रीडामंत्री, आणि २० मार्च २०२५ रोजी ९७ पैकी ४९ मते घेऊन पहिल्याच फेरीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची अध्यक्ष. आपल्याकडे भारतीय ऑलिंपिक संघटनेने २०२२ मध्ये घटना बदलून नामवंत खेळाडूंना सर्वसाधारण सभेत जागा दिल्या आणि त्याच वर्षी पी. टी. उषा अध्यक्ष झाल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला, तो याच दिशेचा आहे. राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा सदस्य, त्यात किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला. खेळाडूंची स्वतंत्र समिती. अध्यक्ष, सरचिटणीस किंवा खजिनदार होण्यासाठी नामवंत खेळाडू असणे ही एक पात्रता, किंवा संघटनेत पदावर काम केल्याचा अनुभव ही दुसरी. ओळीने बारा वर्षांपेक्षा जास्त खुर्ची नाही.

कायदा बारकाईने वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. तो खेळाडूला उमेदवारी देतो, बसायला दोन-चार जागा देतो. मतपेटी मात्र अजून बहुतांशी राज्य आणि जिल्हा संघटनांचीच आहे. क्रिकेटमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या सुधारणांनंतर माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना राज्य संघटनांत मताचा हक्क मिळाला. तरी २०२२ मध्ये मुंबईत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विश्वविजेत्या संघातले संदीप पाटील आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेल्या अमोल काळे यांच्याकडून १५८ विरुद्ध १८३ असे हरले. फरक फुटबॉलइतका लाजिरवाणा नव्हता, पण क्लबांची मते अजून भारी आहेत हे त्यातून कळले.

खेळाडू आला म्हणजे झाले का?

खेळाडू खुर्चीवर बसला की सगळे सुरळीत होते हा गैरसमज आहे. उलट काही अडचणी खेळाडूलाच जास्त येतात. ज्याची स्वतःची तालीम किंवा अकादमी आहे तो निवड समितीवर असला, तर त्याने कितीही सरळ निर्णय दिला तरी हरलेला पोरगा संशयच घेणार. उपाय सोपा आहे, पाळणे अवघड: आपल्या पठ्ठ्याची कुस्ती असेल त्या वजन गटाच्या निवडीतून बाहेर बसायचे आणि तसे इतिवृत्तात लिहायचे.

दुसरी अडचण सवयीची. मैदानात निकाल सहा मिनिटांत लागतो. संघटनेत एका ठरावाला सहा महिने जातात. ज्याने आयुष्यभर चितपटीवर विश्वास ठेवला त्याला गुणांवर हळूहळू जिंकण्याचा संयम शिकावा लागतो. तिसरी अडचण राजकारणाची. निधी, मैदान, पोलीस बंदोबस्त, प्रायोजक यांसाठी पुढारी लागतोच, आणि विलासरावांसारखा ताकदीचा माणूस संघटनेला मोठी मदतही करू शकतो. प्रश्न पुढारी असावा की नसावा हा नाही. पुढाऱ्याने दरवाजे उघडावेत आणि संघ कोणता जाणार हे खेळ कळणाऱ्याने ठरवावे, अशी वाटणी घटनेत लिहिलेली आहे का, हा आहे.

सुरुवात कुठून?

लातूर किंवा नांदेडच्या खेळाडूने खेळत असतानाच चार कामे सुरू करावीत. आपल्या जिल्हा संघटनेची घटना मागून घ्यावी आणि तिच्यात सभासद कोण होऊ शकतो, मत कुणाला आहे, हे पाहावे. मत फक्त क्लबांना असेल तर आपला क्लब किंवा तालीम रीतसर संलग्न करून घ्यावी, संलग्नता शुल्काची पावती जपावी. पंच परीक्षा द्यावी, कारण पंच म्हणून फिरणाऱ्याला प्रत्येक जिल्ह्यातला माणूस ओळखतो आणि नियमही पक्के होतात. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला हजर राहून हिशेबाचा ताळेबंद वाचावा, एक तरी प्रश्न विचारावा.

या सभेला बहुतेक जिल्ह्यांत खेळाडू फिरकत नाहीत. सत्कार असला की हॉल भरतो, ताळेबंद असला की पंधरा माणसे असतात. त्या पंधरांत बसायला गळ्यात पदक लागत नाही, आणि राज्याच्या मतदारयादीत जिल्ह्याच्या वतीने कुणाचे नाव जाईल हे तेच पंधराजण ठरवतात.